रात्री पावणेबाराची बोंब

तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर कुठे बोलू नका. आमच्या शेजारच्या बंगल्यातून रात्री पावणेबाराच्या सुमाराला जी बोंब उठते ना, तिच्यावरून विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत सध्या तीन पक्ष पडलेत. पहिला पक्ष म्हणतो, आईबाप पोराला मारतात. दुसरा म्हणतो, त्या घरालाच काहीतरी आहे, मागे चिंच आहे ना. तिसरा पक्ष म्हणजे कोपऱ्यावरचे एक निवृत्त साहेब. त्यांचं म्हणणं, कारण काहीही असो, रात्री दहानंतर आवाज सोसायटीच्या नियमात बसत नाही. पहिल्या पक्षातल्या एका बाईंनी तर १०९८ला फोन लावायचं मनावर घेतलं होतं. नंबर चांगला आहे हो, पोराचे खरोखर हाल होत असतील तर लावायलाच हवा. पण या घरात मार खात असेल तर तो पोराचा बापच. पावणेतीन वर्षांचं पोर झोपेत असे हातपाय झाडतं की परवा बापाच्या चष्म्याची काडी मोडली.

मी मिरजेला लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते, तेव्हा रडण्याचे प्रकार मला कानानंच कळतात. भुकेचं वेगळं, कान दुखल्याचं वेगळं, हट्टाचं तर सांगायलाच नको. हे रडणंच नव्हतं. ही किंकाळी होती, सुरुवात नाही शेवट नाही अशी. मी ओळखलं होतं, पण विचारल्याशिवाय सांगायला गेलं की माणसं तुटतात. म्हणून कढीपत्त्याला पाणी घालायच्या निमित्तानं भिंतीपाशी घुटमळत होते. शेवटी त्या घरची सूनच आली.

"मावशी, रात्री त्रास होतो का हो आमचा?"

"त्रास कसला? माझे गुडघे मला कुठे झोपू देतात? तू सांग, होतं काय नेमकं?"

मग ती जी सुरू झाली! साडेदहाला झोपवते, म्हणाली. तासा-सव्वा तासानं ताडकन उठून बसतो. डोळे सताड उघडे, अंग घामानं चिंब, छाती अशी धडधडते की हाताला लागते. "आई, आई" करून ओरडतो आणि आई जवळ घ्यायला गेली की तिलाच ढकलतो. "समोर मी असते मावशी, आणि माझ्याकडे बघून भलत्याच कुणाला बघितल्यासारखं करतो. माझं पोर मलाच ओळखत नाही हो." इथे तिचा आवाज फुटला. मी कढीपत्ता खुडत राहिले. अशा वेळी माणसाकडे टक लावून बघू नये.

पुढची हकीकत मी सांगते, कारण ती आमच्या खिडकीतून अर्धी दिसतेच. नवरा ट्यूबलाइट लावतो. पोराचे गाल थोपटतो, तोंडावर पाणी मारतो, उभं करून हलवतो, "बंड्या, उठ, उठ" करतो. सासूबाई देवघरातून अंगारा आणतात. पोर आणखी चेकाळतं. आणि दहा-बारा मिनिटांनी कुणी काही करो न करो, मान टाकतं आणि घोड्यावरून उतरल्यागत गपकन झोपतं. सकाळी चपाती-गूळ खाताना विचारा, त्याला काही म्हणजे काही माहीत नसतं. "जेसीबी बघायला जाऊया" म्हणतं. रात्रभर जागी राहिलेली तीन मोठी माणसं एकमेकांकडे बघत चहा पितात.

मी तिला म्हटलं, "अगं, तो जागा नसतोच. तुम्ही तिघं एका झोपलेल्या पोराची समजूत घालत असता."

तिचा विश्वास बसेना. डोळे उघडे, तोंडानं "आई" म्हणतोय, आणि झोपलेला? तर हे असं आहे. आपली झोप रात्रभर एकसारखी नसते. पहिल्या दोन-तीन तासांत गाढ झोप जास्त असते आणि पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढत जाते. लहान मुलांची गाढ झोप तर इतकी गाढ की उचलून रिक्षातून घरी आणलं तरी पत्ता नसतो. या गाढ झोपेतून हलक्या झोपेत येताना कधी कधी गडबड होते. मेंदूचा एक भाग जागा होतो, दुसरा झोपूनच राहतो. एस. टी.चा ड्रायव्हर उठला, गाडी सुरू केली, आणि कंडक्टर मागच्या सीटवर अजून पांघरूण घेऊन पडलेला, तसं. हात चालतात, पाय चालतात, तोंड चालतं, पण कोण आहे, कुठे आहे, समोर आई आहे, हे ओळखणारा भाग झोपेतच. डॉक्टर याला नाइट टेरर म्हणतात. आपल्याकडच्या बायका म्हणतात, पोर दचकलं.

"पण वाईट स्वप्न पडत असेल ना?" ती म्हणाली. सगळे हेच म्हणतात. वाईट स्वप्नाची तऱ्हा निराळी. ते बहुतेक पहाटेकडे पडतं, पोर खरोखर जागं होतं, रडत येऊन आईला बिलगतं, "कुत्रा आला" म्हणून सांगतं, आणि परत झोपायला घाबरतं. त्याला पोटाशी घ्यावं, दिवा लावावा, कुत्रा गेला म्हणून दाखवावं. इथे उलट. बिलगत नाही, सांगत नाही, आठवत नाही.

आता माझा भाचा मेंदूचा डॉक्टर, त्यानं सांगितलेली एक गंमत ऐका. १९५१ साली शिकागोला युजीन असेरिन्स्की नावाचा एक विद्यार्थी होता. नोकरी नाही, पैसा नाही, घरात बायको आणि पोर. विद्यापीठाच्या तळघरात टाकून दिलेलं मेंदूच्या लहरी टिपायचं एक जुनाट यंत्र त्यानं दुरुस्त केलं आणि स्वतःच्याच आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्याला, डोळ्यांपाशी तारा चिकटवून त्याला झोपवला. बघतो तर पोर शांत झोपलेलं आणि मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर पळताहेत! त्याला वाटलं यंत्रच बिघडलं. १९५३ साली त्यानं आणि त्याचे गुरू नॅथानिएल क्लाइटमन यांनी ते छापलं, आणि स्वप्नांच्या झोपेचा शोध लागला. त्या आईनं काय म्हटलं असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. माझ्या पोराला तारा लावल्या असत्या तर मी यंत्रासकट बाहेर काढला असता. पुढे १९६८ साली कॅनडाच्या रॉजर ब्रॉटननं दाखवून दिलं की रात्रीच्या या किंकाळ्या स्वप्नांच्या झोपेतून येतच नाहीत. त्या गाढ झोपेतून येतात. झोपेत चालणं त्याच जातीचं, त्याच घराण्यातलं.

घराणं म्हटलं आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई बाहेर आल्या. पदराला हात पुसत भिंतीपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असलं काही नाही बाई. हिच्या माहेरचंच असणार."

सून खाली बघायला लागली. मला राहवलं नाही.

"वहिनी, तुमचा लेक शाळेत होता तेव्हा एका रात्री माझ्या ओसरीवर येऊन उभा होता, आठवतंय? हातात रिकामी बादली. कुठे निघालास रे म्हटलं तर 'पाणी गेलं' म्हणाला. मीच हाताला धरून तुमच्या दारात आणून सोडला."

"ते उन्हाळ्याचे दिवस होते," वहिनी म्हणाल्या. "पाण्याची काळजी होती पोराला."

"होय की. रात्री दोन वाजता."

सून हसली. तिच्या नवऱ्यानं लग्नाआधी हे सांगितलं नव्हतं म्हणे. आता घरात त्याचं नाव 'बादली' पडलंय, आणि ते माझ्यामुळे, असं तो म्हणतो. पण बघा, चालतं हे घराण्यातून. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये सुमारे दोन हजार मुलं तान्हेपणापासून नजरेखाली ठेवून अभ्यास केला, तो २०१५ साली छापून आला. आईबापांपैकी कुणीच झोपेत चालणारं नसेल तर शंभरातली सुमारे २२ मुलं कधी ना कधी झोपेत चालली. एक जण चालणारं असेल तर ४७. दोघंही असतील तर ६१. आणि हे ओरडणं? दीड वर्षाच्या मुलांत शंभरात ३४ जणांना. म्हणजे गल्लीत दहा पोरं असतील तर तिघं-चौघं कधीतरी ओरडलेलीच. बाकीच्या घरांनी खिडक्या लावून घेतल्या असतील, एवढंच.

आता अंगाऱ्याचं. वहिनींनी खरसुंडीच्या सिद्धनाथाचा अंगारा आणला, मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यातून दोरा आणला, आणि दृष्ट तर रोज. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या. गॅसवर टाकल्या की आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ठसका. "आणि गुण येतो," वहिनी ठासून म्हणाल्या. "अंगारा लावला की पाच मिनिटांत झोपतो." येणारच गुण! पोर दहा-बारा मिनिटांत आपणहून झोपणारच असतं. तुम्ही अर्धा वेळ धावपळ करता आणि उरलेल्या पाच मिनिटांत जे कराल त्याला यश. अंगारा लावा, नाहीतर रेडिओवर बातम्या लावा. पुढे शाळेत जायला लागेपर्यंत किंवा त्यानंतर थोड्या वर्षांत बहुतेकांचं हे थांबतं; त्या वेळी हातात जो दोरा असेल तो पावतो. माझी आई म्हणायची, सटवाई पोराला झोपेत हसवते आणि झोपेत रडवते. ऐकायला गोड आहे, आणि त्यात एक शहाणपण होतं: सटवाई खेळवतेय म्हणून त्या बायका पोराला उठवायच्या तरी नाहीत.

श्रद्धेला मी हात लावत नाही. वहिनींना म्हटलं, दृष्ट काढायची तर संध्याकाळी दिवेलागणीला काढा, मिरच्या न जाळता. मध्यरात्री झोपलेल्या पोराच्या नाकाशी धूर नको. दोरा गळ्यात नको, रात्री आवळतो. त्यांनी दोरा सोडला, पण मिरच्यांवर अजून बोलणी चालू आहेत.

खरी गोम कुठे होती सांगू? जूनमध्ये बंड्याला प्लेग्रुपला घातला. तिथून साडेबाराला येतो, मग जेवण, मग शेजारची पोरं, आणि दुपारची झोप बंद. बाप कामावरून येतो साडेनऊला. तो आला की पोराला उचलून उडव, घोडा घोडा कर, मग मोबाइलवर जेसीबीचे व्हिडिओ. साडेदहाला झोप, सकाळी सातला गाडी येते म्हणून उठव. साडेआठ तास झाले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगून ठेवलंय, एक-दोन वर्षांच्या, म्हणजे तीन पूर्ण न झालेल्या मुलाला दुपारची धरून ११ ते १४ तास झोप हवी आणि तीन-चार वर्षांच्याला १० ते १३. म्हणजे हे पोर रोज दोन-तीन तास उधारीवर जगत होतं. आणि दमलेलं पोर शांत झोपतं हा मोठा गैरसमज आहे. दमलं की गाढ झोप आणखी गाढ होते, त्यातून वर येताना आणखी अडखळायला होतं, आणि मग बोंब. ताप आला, लघवी तुंबली, परक्या घरी झोपवलं, तरी तेच.

"म्हणजे आठला झोपवू? मग बाबानं पोराला बघायचं कधी?" सून म्हणाली. प्रश्न रास्त आहे. तिथेच तर सगळं अडतं. बाप संध्याकाळभर ट्रॅफिकमध्ये पोराचीच वाट बघत येतो, त्याला दारात "हळू, झोपलाय" म्हणायचं म्हणजे जिवावर येतं. त्या घरात यावरून चार दिवस अबोला होता, मला धुण्याच्या दोरीवरून कळलं. दोघांचे कपडे वेगवेगळ्या वेळी वाळत पडायचे. शेवटी ठरलं ते असं: सकाळचं दूध, अंघोळ आणि गाडीपर्यंत सोडणं बापाकडे. संध्याकाळी साडेसातला जेवण, मोबाइल बंद, शू करून साडेआठला अंथरुणात. दुपारी दीड तास खोलीत पडदा ओढून, झोप लागो न लागो, पडायचं. बाप आता सकाळी जेसीबीची वाट बघत कोपऱ्यावर उभा असतो पोराला खांद्यावर घेऊन. त्या माणसाला इतकं खूश मी बादलीच्या काळातही बघितलं नव्हतं.

आणि ओरडलं तर? उठवायचं नाही. हेच सगळ्यात अवघड. आईच्या हातांना गप्प बसवणं म्हणजे काय असतं ते बाईलाच ठाऊक. पण हलवलं, पाणी मारलं, उभं केलं की ते अर्धवट जागं पोर अधिक घाबरतं आणि प्रकरण लांबतं. दिवा मंद ठेवायचा, जवळ बसायचं, हळू आवाजात नेहमीचंच काहीतरी पुटपुटायचं. पोर पलंगावरून पडणार नाही, भिंतीवर डोकं आपटणार नाही, जिन्याकडे पळणार नाही, एवढं बघायचं. गच्चीच्या आणि बाहेरच्या दाराला वरची कडी हवी. आम्ही त्यांची गादी खालीच टाकायला लावली. सकाळी "काल काय झालं रे तुला?" म्हणून उलटतपासणी घ्यायची नाही. त्याला आठवत नाही, उगीच झोपेचीच भीती बसेल. सासूबाईंना हे फार जड गेलं, कारण पोराला आठवत नसलं तरी दूधवाल्यापासून सगळ्यांना त्या सांगत होत्या, आणि पोर कडेवर बसून ऐकत होतं.

वेळ ठरलेली असेल तर आणखी एक युक्ती आहे, डॉक्टरही सांगतात. ओरडायच्या वेळेआधी पंधरा ते तीस मिनिटं पोराला हळूच जरासं जागं करायचं, कूस बदलू द्यायची, "हं" म्हणालं की पुन्हा झोपू द्यायचं. दोन ते चार आठवडे रोज. गाढ झोपेची ती लय मोडते. बंड्याला याची गरज पडली नाही, लवकर झोपण्यानंच बरंच भागलं. मध्ये इचलकरंजीला लग्नाला गेले, रात्री बारापर्यंत पोर मांडवात नाचलं, आणि परत आल्यावर बोंब झालीच. पण त्या रात्री ट्यूबलाइट लागली नाही. पाच-सात मिनिटांत सगळं शांत.

एका गोष्टीवर मात्र मी चिडले. गल्लीतल्याच एकीनं सुनेला सांगितलं, सर्दीचं पातळ औषध दोन चमचे दे, रात्रभर हलत नाही पोर. अगं बाई! त्या औषधांतल्या गुंगीच्या भागावर लोक पोरं झोपवतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, असं बाटलीवरच छापायला लावलं. मुंबईत गिरण्यांच्या काळात कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना अफूची बाळागोळी चारायच्या. पोर दिवसभर निपचित पडायचं, कारण आईला पाळी चुकवून चालत नव्हतं. त्या बिचाऱ्यांचा नाइलाज होता. आपला कसला नाइलाज आहे?

कान टवकारून एवढं ऐकलंत तर हेही ऐका, कारण प्रत्येक ओरडणं बंड्यासारखं नसतं. पोर रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल, तर नाकामागच्या गाठी किंवा टॉन्सिल बघून घ्यावे लागतात. श्वास अडला की झोप मोडते, आणि घोरणं बरं झाल्यावर ओरडणंही थांबलेली पोरं मी वॉर्डात पाहिलीत. आडवं केलं की रडतं आणि कानाला हात लावतं, तर कान बघा. ढुंगण खाजवत उठतं, तर जंत. त्यांची मादी रात्रीच बाहेर येऊन अंडी घालते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा जंताची गोळी देतात, एक ते दोन वर्षांच्याला अर्धी, त्यावरच्याला पूर्ण, ती चुकवू नका. झोपेत पाय सारखे घासतं, तर रक्तातलं लोह तपासा. आणि एकाच रात्रीत पुन्हा पुन्हा होत असेल, प्रत्येक वेळी अगदी तोच हात तसाच झटके देत असेल, अंग ताठ होत असेल, तोंडाला फेस, किंवा दिवसाही असं काही, तर ती झटक्यांची शंका. तिथे वाट बघायची नाही, मुलांच्या डॉक्टरांकडे जायचं.

जाताना मोबाइलवर त्या दोन मिनिटांचं शूटिंग घेऊन जा. घाबरलेली आई जे सांगते त्यापेक्षा डॉक्टरांना त्यातून जास्त कळतं. फक्त ते डॉक्टरांनाच दाखवा, गल्लीच्या ग्रुपवर टाकू नका.